जुलाब वाटतात, पण पोट तुंबलेले आहे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. गेले दीड वर्ष, म्हणजे पहिलीत गेल्यापासून, त्याची चड्डी दिवसातून दोन-तीनदा खराब होते आणि तो मात्र 'मी केले नाही' असेच म्हणतो. संडासला तो पाच-सहा दिवसांतून एकदाच जातो, तेव्हा रडून घर डोक्यावर घेतो आणि मल वयाच्या मानाने फारच मोठा व टणक असतो. बेळगावातील बालरोगतज्ज्ञांनी तपासून पाण्यात मिसळून घ्यायची एक पावडर लिहून दिली होती. चौथ्या दिवशी मुलाला इतके पातळ होऊ लागले की घरच्यांनी 'जुलाब लागले' म्हणून ती बंद केली. सासूबाईंच्या मते पावडरची सवय लागते, त्यापेक्षा दर शनिवारी एरंडेल द्यावे. वडील उद्यमबागेतील कारखान्यात पाळीने काम करतात. थकून आल्यावर त्यांचा संयम सुटतो आणि मुलाला मार बसतो. शाळेतील बाईंनी 'सवय लागेपर्यंत घरीच ठेवा' असे सुचवले आहे, तर कोल्हापूरचा मामा मुलाला वर्षभर आपल्याकडे न्यायला तयार आहे. मुलगा हे मुद्दाम करतो की त्याच्या मनात काही बिघडले आहे, आणि त्याला शाळेतून काढून मामाकडे पाठवावे का, असे या आईने विचारले आहे.

प्रिय ताई,

तुम्ही मामाच्या निरोपावर पानभर लिहिले आहे आणि पावडर बंद केल्याची गोष्ट मात्र दीड ओळीत उरकली आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रात तीच दीड ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. म्हणून उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. मुलाला शाळेतून काढू नका, कोल्हापूरला पाठवू नका, आणि ज्या डॉक्टरांनी पावडर दिली त्यांच्याकडे लवकरात लवकर परत जाऊन ती नेमकी कोणत्या दिवशी व का बंद केली हे त्यांना स्पष्ट सांगा. तुमच्या मुलाला जुलाब होत नव्हते. दीड वर्ष त्याला जडलेली बद्धकोष्ठताच त्या दिवशी मोकळी होऊ लागली होती.

चड्डी रोज पातळ मलाने खराब होते आणि तरीही पोट साफ होत नाही, हे ऐकायला विसंगत वाटते, म्हणून थोडे खोलात सांगायला हवे. अन्नाच्या चोथ्यातील पाणी शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम आहे. मल जितके दिवस आत राहील तितके त्यातील पाणी कमी होत जाते आणि तो अधिक कोरडा, अधिक टणक होतो. नवीन येणारा मल त्यात भर घालतो आणि गोळा मोठा होत जातो. आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, एरवी थोडा मल आला तरी मेंदूला 'जायला हवे' अशी जाणीव देतो. परंतु महिनोन्महिने तो ताणलेलाच राहिला की ही जाणीव बोथट होते. अशा वेळी वरून आलेला पातळ मल त्या टणक गोळ्याच्या कडेने वाट काढतो आणि मुलाच्या नकळत बाहेर झिरपतो. उसाच्या पाटात मोठे ढेकूळ अडकले म्हणजे पाणी थांबत नाही, ते बाजूने फुटून भलत्याच सरीत शिरते. पाट पाहणाऱ्याला मात्र पाणी जास्त झाले असे वाटते. तुमच्या घरात नेमके हेच घडले आहे.

मुलगा झोपेत असताना किंवा अंघोळीच्या वेळी, तो शांत असेल तेव्हा, नाभीच्या खाली डाव्या बाजूला हलक्या हाताने चाचपून पाहा. पुष्कळदा तेथे घट्ट, लांबट गोळा हाताला लागतो. लागला नाही म्हणून बद्धकोष्ठता नाही असे मात्र समजू नका, आणि जोराने दाबू तर मुळीच नका. तपासणीचे काम डॉक्टरांचे आहे; हे केवळ तुमची स्वतःची खात्री पटावी म्हणून सांगितले.

आता 'मुद्दाम करतो' या समजाकडे येऊ, कारण घरातील सगळा राग त्यावर उभा आहे. 'मी केले नाही' हे तो खोटे बोलत नाही. मल झिरपताना त्याला कळतच नाही. इतरांना येणारा वास त्याला येत नाही याचेही तुम्हाला नवल वाटते. पण सतत सोबत असलेला वास नाकाला जाणवेनासा होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे: मधूनमधून तो दाराआड जाऊन पायांच्या चवड्यांवर उभा राहतो, मांड्या घट्ट आवळतो, पलंगाचा गज धरतो, चेहरा लाल होतो आणि घाम येतो. 'कुंथतो, तरी होत नाही' असा तुम्ही त्याचा अर्थ लावला. वास्तविक तो मल बाहेर ढकलत नसून आत रोखून धरत असतो. कधीतरी टणक खड्याने गुदद्वाराला चीर पडली असेल, फार दुखले असेल, आणि तेव्हापासून हे टाळायचे असे त्याच्या शरीराने ठरवले असेल. रोखल्यामुळे खडा वाढतो, वाढलेल्या खड्याने अधिक दुखते आणि दुखल्यामुळे तो अधिक रोखतो. हे चक्र फोडायचे म्हणजे शौचाला जाणे दुखत नाही असा अनुभव त्याला बराच काळ, रोजच्या रोज यावा लागतो. समजावण्याने ते होत नाही आणि मारण्याने तर होणारच नाही, कारण आधीच्या भीतीत आणखी एका भीतीची भर पडते.

सुरुवात पहिलीत झाली, हाही केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. शाळेतील संडासाला कडी नसणे, पाणी नसणे, मोठ्या मुलांनी दारावर थापा मारणे, बाईंना विचारायची लाज वाटणे, यांपैकी एखादे कारण पुरते. मूल सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत रोखून धरायला शिकते. त्याला विचारा, पण तोंडासमोर बसवून चौकशी केल्यासारखे नको. रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर मुले अशा गोष्टी सांगतात. उत्तर मिळाले तर बाईंशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

मनात काही बिघडले आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की अशा मुलांमध्ये जो चिडकेपणा, एकलकोंडेपणा दिसतो तो बहुतेक वेळा या त्रासाचा परिणाम असतो, कारण नव्हे. पोट मोकळे राहू लागले की तो बराचसा ओसरतो. भूक मंदावणे, पोट दुखणे, रात्री अंथरूण ओले होणे यांचेही तसेच आहे, कारण भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो. 'बाहेरचे' काही असल्याची शंका शेजारणीने घातल्याचे तुम्ही लिहिले आहे. तिला चहा द्या आणि विषय बदला.

शरीरातच दुसरा आजार असेल का, ही शंका मात्र रास्त आहे आणि ती मनातून जाईपर्यंत विचारली पाहिजे. बद्धकोष्ठतेच्या शंभरातील नव्वदांहून अधिक मुलांमध्ये असा कोणताही आजार सापडत नाही. उरलेल्या थोड्यांमध्ये थायरॉइडची कमतरता, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिॲक आजार, पाठीच्या कण्यातील दोष किंवा हिर्शस्प्रुंग आजार अशी कारणे असू शकतात. यांपैकी शेवटचा आजार हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाने १८८६ मध्ये मांडला. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जापेशी नसतात, तो भाग सैल पडत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. त्याची खूण बहुधा बाळंतपणाच्या खोलीतच मिळते. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ सहसा पहिल्या चोवीस तासांत काळी शी करते; अठ्ठेचाळीस तास उलटूनही ती झाली नसेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचे असते. तुमच्या पत्रात याविषयी काही नाही. तुम्हाला आठवत नसेल तर सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल. तुमच्या मुलाचा त्रास साडेपाच वर्षांच्या वयात सुरू झाला आणि त्याची चड्डी खराब होते, या दोन्ही गोष्टी त्या आजाराच्या विरुद्ध बाजूच्या आहेत, हे तुमच्या दिलाशासाठी सांगते. तरीही हिरवी उलटी, टम्म फुगलेले व दुखणारे पोट, मलात मिसळलेले रक्त, वजन न वाढणे, पायांत अशक्तपणा किंवा चालण्यात फरक, कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता मुलाला दाखवा. हिरवी उलटी आणि फुगलेले पोट एकत्र आले तर त्याच रात्री निघा. नुसते टणक मलावर लालभडक रक्ताची रेघ दिसणे हे बहुधा चिरेमुळे असते, पण तेही सांगावे.

उपचाराचे दोन टप्पे असतात आणि तुमच्या घरी पहिलाच टप्पा अर्ध्यावर राहिला. पहिल्या टप्प्यात साचलेला गोळा विरघळवून बाहेर काढायचा असतो. त्यासाठी काही दिवस, साधारणतः तीन ते सहा, पावडरची मात्रा मुद्दाम मोठी ठेवतात. या दिवसांत आधी गढूळ पाणी, मग मऊ ढेकळे, मग पुष्कळ पातळ मल असा क्रम लागतो, चड्ड्या नेहमीपेक्षा जास्त खराब होतात आणि आईला वाटते की प्रकरण बिघडले. ते सुधारत असते. तुम्ही ज्या दिवशी पावडर थांबवली तो बहुधा गोळा सुटण्याचा दिवस होता. हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. वॉर्डातील सिस्टरांनी कन्नडमध्ये सांगितले आणि तुम्हाला निम्मेच समजले, चिठ्ठी इंग्रजीत होती, बाहेर गाडी थांबली होती. आपल्या भागात हे रोज घडते आणि त्यात ना तुमचा दोष ना त्या सिस्टरांचा. मात्र पुढच्या खेपेला एक करा. औषध किती, किती पाण्यात, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, एवढे चार आकडे कागदावर लिहून मागा, कारण आकडे कोणत्याही भाषेत वाचता येतात. मग तुम्हाला जे समजले ते तुमच्या मराठीत मोठ्याने परत सांगा. औषधाच्या खिडकीवरचा माणूस, आया किंवा रांगेतील दुसरी आई, दोन्ही भाषा येणारे कोणीतरी तेथे असतेच. त्यांना मध्ये घ्यायला संकोच करू नका. परवानगी घेऊन सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या तर घरी सासूबाईंना आणि मुलाच्या वडिलांनाही त्या ऐकवता येतील, आणि तुमच्यावर एकटीवर समजावण्याचा भार राहणार नाही.

दुसरा टप्पा लांबचा आहे आणि बहुतेक घरे तेथेच कंटाळतात. मोठी मात्रा थांबली की लहान मात्रा रोज चालू ठेवायची असते, रोज एकदा मऊ, न दुखता शौचाला होईल इतकी. हा काळ किमान दोन महिन्यांचा असतो, आणि सर्व त्रास थांबल्यावरही निदान महिनाभर गेल्याखेरीज मात्रा कमी करायला घेत नाहीत. दीड वर्ष मल साठलेल्या मुलाला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागला तरी नवल मानू नका, कारण ताणलेल्या गुदाशयाला मूळ आकार व जाणीव परत यायला तेवढा वेळ लागतो. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती मी येथे लिहीत नाही आणि शेजारच्या मुलाची मात्रा तुम्हीही वापरू नका. पावडर जितक्या पाण्यात सांगितली असेल तितक्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. कमी पाण्यात केली तर काम नीट होत नाही. चव आवडत नसेल तर लिंबू-सरबतात चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुधा ते हो म्हणतील.

सासूबाईंची सवयीची भीती निराधार नाही. रोज रात्री चूर्णाची पुडी घेतल्याशिवाय सकाळ होत नाही अशी माणसे त्यांनी आयुष्यभर पाहिली असतील. परंतु तुमच्या वर्णनावरून जी पावडर दिसते, पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, ती आतड्याला ढोसत नाही. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, केवळ पाणी धरून ठेवते आणि मल मऊ राखते. तिने आतडे आळशी होत नाही. ती थांबवल्यावर त्रास परत येतो तो सवय लागली म्हणून नव्हे, तर गुदाशय पूर्ववत होण्याआधी थांबवली म्हणून. याउलट एरंडेल आतड्याला जोराने आवळायला लावते आणि मुरडा आणते. आठवड्यातून एकदा मुरडा येऊन टणक खडा बाहेर पडणे म्हणजे ज्या वेदनेला मूल घाबरते तीच त्याला दर शनिवारी नेमाने देणे होय. गुदद्वारात साबणाची कांडी सारणे हाही आपल्याकडचा जुना उपाय; आतील नाजूक आवरण त्याने भाजल्यासारखे होते. घरच्या घरी एनिमाही नको. या मुलाच्या त्या जागेला आता कोणीही हात लावू नये, एवढे घरात ठरवून टाका.

सासूबाईंना मात्र या कामातून बाजूला काढू नका. स्वयंपाकघर त्यांच्याकडे द्या. आहाराविषयी मी फार लिहिणार नाही, कारण साचलेला गोळा नुसत्या भाजीपाल्याने निघत नाही आणि गोळा असताना चोथा वाढवला तर पोट अधिकच भरते. पोट मोकळे झाल्यावर रोजच्या जेवणात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, सालासकट मूग, हुलग्याची आमटी, एखादी पालेभाजी आणि पेरू, पपई किंवा केळे यांपैकी एक फळ एवढे पुरे आहे. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान बारा ग्रॅम चोथा लागतो आणि तो एवढ्यात येतो. चहाबरोबर खारी, टोस्ट आणि बिस्किटे हा आपल्याकडचा सकाळचा नाष्टा निदान त्याच्यापुरता बंद करा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. शाळेत क्षीरभाग्य योजनेतून मिळणारे दूधही त्यात धरा, कारण दुधाने पोट भरले की मूल भाकरीला हात लावत नाही. कुंद्यासारखी मिठाई सणावाराला खाऊ द्या.

जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. म्हणून सकाळच्या नाष्ट्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याला पाच ते दहा मिनिटे संडासात बसवा, इच्छा असो वा नसो, रोज त्याच वेळी. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवे बसणे या कामाला उत्तमच. परंतु भांडे मोठे असून पाय घसरत असतील तर मुलाचे अर्धे लक्ष तोल सांभाळण्यात जाते, तेव्हा धरायला समोर काहीतरी हवे. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतील. फुगा किंवा पिपाणी फुंकायला द्या. फुंकताना पोटाचे स्नायू आपसूक योग्य तऱ्हेने दाबले जातात आणि 'जोर लाव' असे ओरडावे लागत नाही. शाबासकी बसल्याबद्दल द्या, झाल्याबद्दल नको, कारण बसणे त्याच्या हातात आहे आणि होणे अजून त्याच्या हातात नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बसला की त्याने स्वतः एक टिकली लावावी. त्याच चौकोनात तुम्ही बारीक अक्षरात शौच झाली का, टणक की मऊ, चड्डी खराब झाली का आणि औषध दिले का, एवढे लिहा. डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडरच घेऊन जा. तोंडी सांगितलेल्या हकिकतीपेक्षा त्यावरून मात्रा ठरवणे त्यांना सोपे जाते.

चड्डी खराब झाली की काय करायचे, हे बालरुग्ण विभागात शिकवायचे राहून जाते, म्हणून लिहिते. काही न बोलता, चेहरा न बदलता त्याला मोरीवर न्या. कोमट पाण्याने धुवा, साबण थोडा आणि फक्त बाहेरून, घासू नका. मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करा आणि कातडी लाल असेल तर खोबरेल तेलाचा किंवा झिंक असलेल्या मलमाचा पातळ थर द्या. चड्डी आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. सात वर्षांचे मूल चड्डी बादलीत टाकणे आणि दुसरी घालणे एवढे स्वतः करू शकते. ते त्याला जबाबदारी म्हणून शिकवा. त्याला चारचौघांत चड्डी धुवायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे, तिचे नाव शिक्षा, आणि ती नको.

मुलाच्या वडिलांशी बोलायला तुम्हाला भीती वाटते असे तुमच्या अक्षरांतून जाणवते. त्यांना हे पत्र दाखवा किंवा, त्याहून बरे, पुढच्या भेटीला त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवा. पाळी बदलून घेता येत असेल तर त्यासाठी घ्यावी. पोटाचा एक्स-रे आधी काढलेला असेल तर डॉक्टरांना तो त्यांना दाखवायला सांगा. मुद्दाम केलेला खोडसाळपणा आणि आतड्यात साठलेला मल यांतील फरक त्यांना तुमच्या बोलण्यापेक्षा त्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून पटकन पटेल. नसेल तर केवळ त्यासाठी काढण्याची गरज नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रीचे दहा मिनिटे बसवणे हे त्यांचे काम असू द्या. मारणाऱ्या हाताला दुसरे काम दिले की पुष्कळदा तो हात मऊ होतो. तसे झाले नाही आणि मार चालूच राहिला, तर ही गोष्टही डॉक्टरांना सांगायची आहे, लपवायची नाही.

शाळेच्या बाईंचा हेतू वाईट नसावा. एका वर्गात अनेक मुले सांभाळताना हे त्यांना जड जाते हे आपण समजून घेऊ. तरीही 'घरीच ठेवा' हा सल्ला त्यांना देता येत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. हे कायद्याचे बोलणे पहिल्याच भेटीत काढू नका, गरज पडली तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, सभेत काढता येईल. पहिल्या भेटीत डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी न्या: हा वैद्यकीय त्रास आहे, मुलाला त्यावर ताबा नाही, उपचार सुरू आहेत. बाईंकडे तीनच गोष्टी मागा. त्याने हात वर केला की न विचारता जाऊ द्यावे. दुपारी शाळेत अक्षर दासोह योजनेतून मिळणाऱ्या जेवणानंतर त्याला पाच मिनिटे संडासात जाण्याची मुभा असावी. आणि दप्तरात ठेवलेली जादा चड्डी व प्लास्टिकची पिशवी घेऊन तो बाहेर गेला तर वर्गात त्यावर बोलणे होऊ नये. संडासाला कडी नसेल तर ती बसवण्याचा खर्च तुम्ही केलात तरी तो एरंडेलाच्या बाटल्यांपेक्षा कमीच येईल. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्या कानावरही घाला.

मोठ्या मात्रेचे दिवस मात्र शाळेत काढणे कठीण आहे. दसऱ्याची किंवा दुसरी सलग सुटी जवळ असेल तर त्या दिवसांत सुरू करा, नसेल तर आठवडाभराची रजा घ्या. सुटीसाठी महिना-दोन महिने थांबू नका. मुलगा शाळेबाहेर राहायचा तो एवढेच दिवस.

आता मामाचे. भावाने मनापासून सांगितले आहे आणि कोल्हापुरात डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येते, हा फायदा मी कमी लेखत नाही. परंतु या उपचारात गुंतागुंतीचे असे काही नाही. लागते ते रोजचे, कंटाळवाणे सातत्य, आणि ते दुसऱ्याच्या घरी, मामीच्या अंगावर टाकून होणार नाही. आईपासून दूर, नव्या शाळेत, नव्या संडासात जाणारे मूल पुन्हा रोखून धरायला लागण्याची शक्यता अधिक. शिवाय घालवून दिले ते चड्डीमुळे, हे त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. दुसरे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण मुलाला तेथे ठेवून नव्हे, सोबत नेऊन आणून. तेही सांगितल्याप्रमाणे दोन-तीन महिने नीट उपचार करूनही फरक पडला नाही, किंवा मी वर लिहिलेल्या खुणांपैकी एखादी दिसली, तर. बेळगावातच बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात बालरोग विभाग आहे. खानापूरहून तो कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ पडतो, आणि येथे पुन्हापुन्हा जावे लागणार असल्यामुळे अंतराला महत्त्व आहे.

शेवटी एका गोष्टीची आधीच तयारी ठेवा. हा त्रास उलटतो. ताप येऊन पाणी कमी प्यायले, लग्नकार्यात चार दिवस बाहेर राहिले, परीक्षा आली, की पुन्हा खडा धरतो, आणि घरात सगळे म्हणतात की औषधाचा काही उपयोग झाला नाही. म्हणून मात्रा कमी करताना ती डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरीपायरीने कमी करा, एकदम थांबवू नका; आणि मात्रा वाढवायची वेळ आली तर किती वाढवायची हे आधीच लिहून घेऊन कॅलेंडरच्या मागे चिकटवून ठेवा. लागोपाठ दोन दिवस शौच झाली नाही किंवा तो पुन्हा दाराआड चवड्यांवर उभा दिसला, तर चड्डी खराब होण्याची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी लिहून ठेवलेल्या मात्रेवर परत या आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.